बातमीतून गाळलेला नारळ

या दिवाळी अंकाचे संपादक माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे चिरंजीव. गेली पाच-सहा वर्षं गणपतीच्या सुमारास त्यांचा फोन येतो, "काका, पत्रकारितेतले अनुभव लिहा ना." मी दर वर्षी काहीतरी कारण सांगतो. एका वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, ते खरं होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याचं सांगितलं, ते खोटं होतं. खरं कारण असं की अनुभव लिहायला बसलं की पहिल्याच पानावर द्वारका चौक येतो, आणि द्वारका आली की मी पेन ठेवून गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जातो. या टाळाटाळीवर आमची जास्वंद फार छान पोसली आहे.

यंदा मात्र लिहितो. आता लिहिलं नाही तर ते वाचून रागावणारंही कुणी उरणार नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका सायंदैनिकात बातमीदार होतो. पेपर केव्हाच बंद पडला, म्हणून नाव सांगत नाही. सायंदैनिक म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. सकाळचा पेपर लोक घरी टाकायला सांगतात, तो चांगला असो की वाईट, येतोच. संध्याकाळचा पेपर रोज नव्याने विकावा लागतो. आमची पानं दुपारी साडेबाराला बंद व्हायची आणि चारला पोरं स्टँडवर, द्वारकेवर, नाशिक रोड स्टेशनवर अंक घेऊन ओरडायची. त्यामुळे आमच्याकडे बातमीची परीक्षा एकच होती: शीर्षक ओरडता येतं का? महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या ठरावावर मी एकदा फार अभ्यासून लिहिलं होतं. विक्रेत्याने अंक हातात घेतला, शीर्षक वाचलं आणि मला म्हणाला, "साहेब, हे ओरडायला दोन माणसं लागतील."

आमच्या संपादकांना सगळे अण्णा म्हणत. माणूस दिलदार, पान खाणारा, हाताखालच्यांची लग्नकार्यं आठवणीने करणारा. मी जे शिकलो ते त्यांच्याकडून. चांगलंही आणि दुसरंही. 'सूत्रांकडून समजते' म्हणजे काय, हे मी पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आपल्याला समजलं पण कुणी सांगितलं ते आठवत नाही, त्याला सूत्र म्हणतात." मग 'अशी चर्चा आहे' कधी लिहायचं? "आता आपण दोघं करतोय ती काय आहे?"

मुंबईतल्या स्फोटांना तेव्हा वर्ष-दोन वर्षंच झाली होती. लोक बेवारस पिशवीकडे बघून रस्ता ओलांडत. रोज सकाळी सातला मी एकेका पोलीस ठाण्यात फोन फिरवायचो, "काही विशेष?" आणि त्या काळात रोज कुठे ना कुठे काहीतरी विशेष असायचंच. एकदा एसटीत टिकटिकणारी ट्रंक सापडली. ती नव्या नवरीची होती, आत आहेरात आलेलं गजराचं घड्याळ होतं. एकदा निफाडकडच्या एका द्राक्षबागेत आकाशातून फुगा पडला, खाली तारा लावलेला पांढरा डबा. गावकऱ्यांनी आधी त्याला काठ्यांनी बडवलं आणि मग पोलिसांना बोलावलं. आम्ही छापलं, 'द्राक्षबागेत हेरगिरीचं यंत्र?' दुसऱ्या दिवशी हवामान खात्यातला एक सज्जन माणूस ऑफिसात आला. म्हणाला, "डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते हो, हे हवामानाचं यंत्र आहे, घाबरू नका म्हणून. तुमच्या माणसाने वाचली नाही का?" तुमचा माणूस म्हणजे मी. मी वाचली होती. अण्णांनीही वाचली होती. चिठ्ठीसकट ती बातमी बातमीच राहत नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं, पेपरवाले खोटं लिहितात. मी शपथेवर सांगतो, माझ्या उभ्या नोकरीत मी सपशेल खोटं असं फार थोडं लिहिलं. आम्ही गाळायचो. गाळलं की उरलेलं आपोआप हवं तसं दिसू लागतं.

आता पिशवी.

सकाळचे साडेदहा झाले असतील. द्वारकेवरच्या एका चहावाल्याने पोलिसांना कळवलं की एक गिऱ्हाईक पिशवी विसरून गेलंय आणि आत सुरुंगाच्या कांड्या आहेत. मी सायकल दामटत पोचलो तेव्हा पगारे हवालदार पिशवीपासून सात-आठ पावलांवर खुर्ची टाकून बसले होते. पगारे म्हणजे निम्म्या नाशिकला नावाने ओळखणारा माणूस. पिशवी नायलॉनच्या दोरीने विणलेली, बाजाराची. आतल्या वस्तूंची यादी त्यांनी मला वाचून दाखवली. जिलेटिनच्या नऊ कांड्या. थोडे डिटोनेटर. वायरीचं भेंडोळं. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, मिरचीचा ठेचा. एक नारळ. उदबत्तीचा पुडा आणि कागदात हळदकुंकू.

"विहिरीवाल्याचं हाय," पगारे म्हणाले. "नवीन विहिरीला पहिला बार उडवायच्या आधी नारळ फोडतात. येईल बिचारा परत धापा टाकत. असं पिशवीतून न्यायला नको, ठेकेदाराचा परवाना असतो, त्याच्याच गाडीतून न्यायला पाहिजे. पण ठेकेदार कुठं गाडी देतो? म्हणतो जा एसटीनं."

हे तेव्हा नाशिक जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. आमच्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. पहारीने तो फुटत नाही. त्याला भोकं पाडून त्यात कांड्या भरून उडवावं लागतं, आणि हे काम करणारी माणसं गावोगाव फिरत.

चहावाल्याला मी विचारलं, माणूस कुठे गेला? तो म्हणाला, "सिन्नरच्या जीपमध्ये बसला. जीप भरली तसा पळत गेला, पिशवी राहिली."

मी ऑफिसात परतलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि पहिलं पान रिकामं होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सिन्नरची जीप जाते कुठून?"

"नाशिक रोडवरून."

"नाशिक रोडला काय आहे?"

 नाशिक रोडला रेल्वे स्टेशन आहे, माझी मावशी आहे, उत्तम भेळ आहे. पण अण्णांना काय हवं होतं ते मला कळलं होतं. नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे.

"आणि तो नारळ," मी म्हणालो, "भाकरी..."

"भाकरीची बातमी होते का?" अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. "लिही."

दोष त्यांच्यावर ढकलायला हे सांगत नाही. ते फक्त लिही म्हणाले. लिहिलं मी. कांड्या लिहिल्या, डिटोनेटर लिहिले, वायर लिहिली. भाकरी, ठेचा, नारळ, उदबत्ती, हळदकुंकू गाळलं. संशयित नाशिक रोडच्या दिशेने पसार झाला असं लिहिलं. छापखाना हे लक्ष्य असावं का, अशी चर्चा आहे, असं लिहिलं. शीर्षक ओरडायला एक माणूस पुरेसा होता. अंक दुसऱ्यांदा छापावा लागला, आणि खोटं कशाला सांगू, मला त्या संध्याकाळी फार आनंद झाला होता.

पगारे दुसऱ्या दिवशी भेटले. रागावले नाहीत, ते रागावत नसत. म्हणाले, "तो येणार होता बघा. समज दिली असती, साहेबांनी दंडाचं बघितलं असतं, संपलं असतं. आता तुमचा पेपर वाचल्यावर कोण येतोय?"

कुणीही आलं नाही.

वर्ष झालं. अण्णा म्हणाले, त्या प्रकरणाला वर्ष झालं, तपास कुठवर आला बघ. मी चौकशीला ठाण्यात गेलो तर पगारेंची बदली झालेली. तिथल्या कारकुनाने ओळखीखातर फाइल दाखवली. पहिल्याच कागदावर माझी बातमी कापून चिकटवली होती. खाली टाइप केलेली ओळ होती: वृत्तपत्रातील माहितीवरून छापखाना हे लक्ष्य असल्याचे समजते. मी वहीत टिपून घेतलं आणि ऑफिसात येऊन लिहिलं, 'पोलिसांच्या नोंदीनुसार छापखाना हेच लक्ष्य होते.' 'का' आणि 'चर्चा' दोन्ही गेले. माझीच बातमी खाकी कपडे घालून माझ्याकडे परत आली आणि मी तिला उठून सलाम केला. पुढे मुंबईच्या पेपरांनी ती आमच्यावरून उचलली, त्यांच्यावरून आणखी कुणी. दर दोन-तीन वर्षांनी देशात कुठे काही घडलं की 'यापूर्वीचे उधळलेले कट' अशी चौकट यायची, आणि तिच्यात द्वारकेची पिशवी असायचीच. एका वर्षी नऊच्या एकोणीस कांड्या झाल्या. मी दुरुस्ती कळवली नाही. नऊ कांड्या खऱ्या होत्या हे सांगायला गेलो असतो तर नारळाचंही सांगावं लागलं असतं.

दोन हजार सालानंतर टीव्हीच्या वाहिन्या आल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो. एक तरतरीत मुलगी माझा पत्ता शोधत आली. 'त्या दिवसाचे साक्षीदार' म्हणून मला द्वारकेवर उभं केलं. बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. मुलीने विचारलं, "सर, त्या दिवशी नाशिक थोडक्यात वाचलं, असं म्हणता येईल?"

मागून ट्रक भोंगे वाजवत होते. मी म्हणालो, "म्हणता येईल."

कार्यक्रमात द्वारकेपासून छापखान्यापर्यंत लाल ठिपक्यांची रेघ सरकताना दाखवली आणि शेवटी पडदाभर ज्वाळा. शेजारचे लोक भेटायला आले. बायकोला मात्र नारळाची गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत होती. ती म्हणाली, "शर्ट छान दिसत होता."

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास दारात एक माणूस उभा. साठीचा, काटक, डोक्याला टोपी, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी.

"राम राम साहेब. टीव्हीवर द्वारकेला उभे व्हते ते तुम्हीच ना? लहानू म्हनत्यात मला. घोटीकडून आलोय. पत्ता हुडकायला दोन फेऱ्या झाल्या."

मी त्यांना आत घेतलं. ते खुर्चीवर बसेनात, जमिनीवर बसले. गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "नवा तांदूळ हाय. आधी घ्या, मंग सांगतो. सांगितल्यावर घ्याल का नाय, म्हाईत नाय."

मग त्यांनी एका दमात सांगितलं. "साहेब, त्या दिशी द्वारकेवर कांड्या घावल्या, त्या अतिरेक्यांच्या नव्हत्या. म्हंजे अतिरेकी खरे, पर कांड्या माझ्या. मी विहिरींवर बार उडवायचो. सिन्नरच्या अंगाला नवी विहीर धरली व्हती. टपरीवर च्या पिला, जीप सुटाया लागली म्हून पळालो, आन् पिशवी इसरलो. माघारी फिरून येस्तोवर टपरीपाशी ही गर्दी, पोलीस. लांबूनच पळालो. दुसऱ्या दिशी पाव्हण्यानं पेपर वाचून दावला. तवा कळलं, अतिरेक्यांनी माझी पिशवी उचलली व्हती."

 "पण लहानूभाऊ, अतिरेक्यांनी उचलली, हे तुम्हाला कशावरून वाटलं?"

"आवो, पेपरात कांड्या लिवल्या, वायर लिवली. माझ्या पिशवीत तर नारळ व्हता, उदबत्ती व्हती, भाकरी व्हती. ते काहीच नाय. म्हंजी त्यांनी काढून फेकलं ना. पोटाला भाकर आन् देवाला नारळ, ह्ये कोन फेकतं? आपल्यातला मानूस फेकंल का? मी तवाच म्हनलो, ह्यो अतिरेकीच."

आतून बायको चहा घेऊन आली होती. ती कपबशा हातात धरून दारातच थांबली.

लहानूभाऊ सांगत राहिले. त्यांनी त्या दिवसापासून बार उडवणं सोडलं. लोक बोलवायला आले की हात थरथरतो म्हणून सांगत. भातशेतीत राबले, दुसऱ्याच्या विहिरींचा गाळ काढला. मुलगी नाशिक रोडला दिलेली, जावई छापखान्याच्या वसाहतीतल्या एका दुकानात कामाला. लग्न गावाकडे झालं म्हणून ते हजर होते. मुलीच्या घरी मात्र ते एकदाही गेले नव्हते. नातवाच्या बारशाला बायकोला एकटीला पाठवलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ साहेब? त्या कारखान्यात हजारो मानसं. माझ्या कांड्यांनी उडाली असती. पोरगी म्हनती, बाबा माझ्यावर रुसलेत. आता तुमाला टीव्हीवर बगितलं. म्हनलं, ह्या मानसाला सगळं म्हाईत हाय, त्याच्याम्होरं कबूल करावं. मंग पोलिसात द्या, नायतर सोडा."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. वाक्य सोपं होतं. समोर एक माणूस माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन तेरा-चौदा वर्षं हिंडून आला होता आणि तो उतरवायला माझ्याच दारात बसला होता. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "लहानूभाऊ, तुमचा काही दोष नाही. ते प्रकरण केव्हाच मिटलं. मी सांगतो ना."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "खरं?"

"अगदी खरं."

"तुमी सांगता म्हंजी झालं." त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं, आणि मग इतके हसले की अर्ध्या बोटांचा हात गुडघ्यावर आपटायला लागले. चहा दोनदा घेतला. जाताना विचारलं, इथून नाशिक रोडला जायला शहर बस कुठं मिळते? त्या दुपारी ते पहिल्यांदा मुलीच्या घरी गेले.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "सांगितलं नाहीत."

"पुढच्या वेळी सांगतो. आज इतका खूश होता."

रात्रीच्या भाताला तिने तोच तांदूळ लावला. पानात वाढताना म्हणाली, "वास सुरेख आहे. घशाखाली उतरतोय का ते बघा."

उतरला. माणसाचा घसा फार निबर असतो.

पुढची चार वर्षं दिवाळीनंतर ते तांदूळ घेऊन येत आणि नाशिक रोडला मुलीकडे मुक्काम करत. मीही दर वर्षी एकदा एसटीने त्यांच्याकडे जायचो. ते दिवस माझ्या म्हातारपणातले फार सुखाचे दिवस आहेत, हे कबूल केलं नाही तर हे लिखाणही गाळीव होईल. ते मला त्यांनी उडवलेल्या विहिरी दाखवत बांधाबांधाने हिंडवायचे. "हिचा दगड लय वंगाळ, साहेब. एकवीस बार. हिला मातर तिसऱ्या बारालाच पानी. मालकाची म्हातारी नाचली व्हती." विहिरीत वाकून आपलं नाव हाकारायचे आणि घुमून आलं की माझ्याकडे बघून डोळा मारायचे. आम्ही शेवग्याच्या सावलीत भाकरी खायचो. ठेचा असायचाच.

एकदा मी हिय्या करून सुरुवात केली, "लहानूभाऊ, त्या दिवशीच्या पिशवीचं खरं म्हणजे..."

"आता सोडा ना ते! तुमीच म्हनले मिटलं." आणि त्यांनी बांधावरून जाणाऱ्या दोघांना हाक मारली. "ए, इकडं या. हे साहेब बघा. त्या वक्ताला अतिरेक्यांच्या मागावर हेच व्हते."

ते दोघं आदराने उभे राहिले. एकाने विचारलं, "साहेब, भ्या नाय वाटलं?"

मी म्हणालो, "वाटलं होतं." उभ्या आयुष्यात या प्रकरणाबद्दल मी चारचौघांत बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

पाचव्या वर्षी तांदूळ आला नाही, मुलीचा फोन आला. शेतातच बसल्या जागी गेले, त्रास झाला नाही. दहाव्याला मी गेलो. तिला तरी सांगावं असं मनात ठरवून गेलो होतो. तिने माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "काका, बाबा म्हणायचे, साहेबांनी माझं ओझं उतरवलं. नाहीतर नातवाचं तोंड बघायला मी या घरात आलोच नसतो." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पानावर बसून जेवलो, आणि परत आलो.

पुष्कळदा मी स्वतःची समजूत घालतो की सांगून काय साधलं असतं? त्यांचं ओझं तर उतरलंच. पण ते माफ झालेला माणूस म्हणून गेले, आणि माफ करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांच्यातला कुणी नारळ फेकत नाही, आणि त्या दिवशीही कुणी फेकला नव्हता.

चारही वर्षं घोटीला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून मी एकच वाक्य पाठ करत जायचो. स्टँडवर उतरलो की लहानूभाऊ हात उंच करून समोर उभे असायचे आणि वाक्य गाडीतच राहायचं. ते असं होतं:

लहानूभाऊ, त्या दिवशी द्वारकेवर अतिरेकी कुणीच नव्हते, नुसती तुमची पिशवी होती. तिच्यात भाकरी होती, नारळ होता, आणि तो मी काढला. मला माफ करा.